केबल आधीपासून लावलेली असली की बूटलोडर का कोसळतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदूरला तुम्ही शेतीपंपाच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहिता. आत एसटीएम३२एफ४ मालिकेतली चिप आहे आणि पॉवर आल्यावर सर्वात आधी चालणारा, यूएसबीवरून नवं फर्मवेअर घेणारा बूटलोडर तुमच्याच टीमनं लिहिलेला आहे. बटण दाबून धरून, केबल कॉम्प्युटरला आधीच जोडलेली असताना पॉवर दिली, की बूटलोडर हार्ड फॉल्टच्या, म्हणजे प्रोसेसरला गंभीर चूक आढळल्यावर चालणाऱ्या, हँडलरमध्ये जाऊन अडकतो. आधी पॉवर आणि मग केबल असं केलं तर कधीच अडकत नाही. डीबगर (चिप थांबवून आत पाहायचं साधन) लावून बसलं तर दिवसभरात एकदाही होत नाही. फॉल्टचं कारण सांगणारं रजिस्टर वाचलं तर त्यात शून्य. शेवटी 'क्लासचा पॉइंटर नल असेल तर परत फिर' अशी ओळ घातलीत (क्लास म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबी मागण्यांना उत्तर देणारा कोड, नल म्हणजे पत्ता न भरलेला, शून्य पॉइंटर). क्रॅश थांबला, पण आता विंडोज म्हणतं की डिव्हाइस ओळखता येत नाही. आणि तुम्ही विचारता आहात की हा नल येतो कुठून, आणि ती ओळ ठेवायची की काढायची.

ओळ काढायची. पण ती काढण्याआधी तिनं काय झाकलंय ते पाहू.

सी भाषेत ग्लोबल पॉइंटर जन्माला येतो तो नलच. स्टार्टअप कोड ती सगळी जागा शून्य करतो आणि मगच मेनला सुरुवात होते. म्हणजे नल कुठून आला असं विचारण्यात फारसं हाती लागत नाही. तो पहिल्यापासून तिथेच होता. विचारायचं ते असं: त्याच्यात पत्ता भरायचं काम कोणाचं होतं, आणि ते काम व्हायच्या आत तिथे कोण येऊन धडकलं? यूएसबी डिव्हाइसच्या कोडमध्ये धडकणारा जवळजवळ नेहमी होस्ट, म्हणजे समोरचा कॉम्प्युटर, असतो. आपला कोड आपल्या क्रमानं चालतो, होस्ट त्याच्या घड्याळानं. मी बडोद्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत २२ वर्षं मोटर ड्राइव्ह आणि मीटरची फर्मवेअरं लिहितो आहे, आणि यूएसबीतले जेवढे नल पॉइंटर मी पाहिले त्यातले बहुतेक या दोन घड्याळांच्या मधल्या फटीत सापडले.

तुमचा बोर्ड माझ्यासमोर नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील हे आधीच सांगतो. यूएसबीच्या डी प्लस लाइनचा पुलअप (लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टर) सॉफ्टवेअरच्या ताब्यात आहे की बाहेर रेझिस्टर कायमचा जोडलेला आहे, यूएसबी इंटरप्टवर (घटना घडताच हातातलं काम थांबवून) चालतं की पोलिंगवर (कोडनं स्वतः पुन्हा पुन्हा पाहून), आणि शून्य या पत्त्यावर तुमच्या चिपमध्ये नक्की काय बसलेलं आहे, या तिन्हींवर उत्तर फिरतं. तुम्ही मेनचा भाग आणि क्लासच्या स्ट्रक्चरची फील्डं दिलीत, त्यावरून बरंच कळतं.

सर्वात आधी ते शून्य रजिस्टर, कारण खरा धागा तिथेच आहे. तुम्ही लिहिलंत, 'फॉल्ट झाला आणि कारण काहीच नाही, हे कसं शक्य आहे?' शक्य आहे, कारण माझ्या अंदाजानं फॉल्ट झालेलाच नाही.

नल पॉइंटर वापरला की प्रोसेसर लगेच ओरडतो, ही कल्पना आपण कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिताना शिकतो. तिथे शून्याचं पान मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं, हात लावला की ऑपरेटिंग सिस्टीम पकडते. बूटलोडरमध्ये असा पहारा नसतो. एसटीएम३२ मध्ये फ्लॅश ०८०००००० या पत्त्यापासून सुरू होते, आणि नेहमीसारखं फ्लॅशमधून बूट केलं तर तीच फ्लॅश शून्य पत्त्यावरही दिसते. फ्लॅशच्या अगदी सुरुवातीला काय असतं? बूटलोडरचं वेक्टर टेबल, म्हणजे कोणत्या घटनेला कोणतं फंक्शन चालवायचं त्यांच्या पत्त्यांची यादी. पहिल्या चार बाइटमध्ये स्टॅक पॉइंटरची सुरुवातीची किंमत, मग रीसेट हँडलरचा पत्ता, मग एनएमआय या थोपवता न येणाऱ्या इंटरप्टचा, आणि बाराव्या बाइटपासून हार्ड फॉल्ट हँडलरचा पत्ता.

आता तुमचं क्लासचं स्ट्रक्चर पाहा. चार फंक्शन पॉइंटर: इनिट, डीइनिट, सस्पेंड, सेटअप. सेटअप चौथा, म्हणजे ऑफसेट १२. क्लासचा पॉइंटर नल असताना तुमचा इंटरप्ट कोड सेटअपला बोलावतो तेव्हा प्रोसेसर पत्ता १२ वरचे चार बाइट वाचतो. तिथे त्याला मिळतो हार्ड फॉल्ट हँडलरचा पत्ता. वेक्टर टेबलातल्या प्रत्येक पत्त्याचा शेवटचा बिट थंब मोडसाठी (या प्रोसेसरच्या सूचनांचा प्रकार) १ असतो, त्यामुळे उडी मारायला तो पूर्ण वैध पत्ता आहे. प्रोसेसरला काही वावगं दिसत नाही. तो इमानदारीनं ते फंक्शन बोलावतो, आणि तुमचा हँडलर त्याच्या अनंत लूपमध्ये बसून राहतो. फॉल्टचं रजिस्टर शून्य आहे ते बरोबरच आहे.

हे खरं की माझा तर्क, ते तुम्ही दहा मिनिटांत ठरवू शकता. बोर्ड अडकलेला असताना, रीसेट न करता, डीबगर नुसता जोडा. मग दोन गोष्टी वाचा. पहिली लिंक रजिस्टर, म्हणजे फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता. खरा एक्सेप्शन घडून हँडलरमध्ये आलं असेल तर त्यात सगळे एफ भरलेली खास किंमत असते, फक्त शेवटचे एकदोन आकडे वेगळे. हँडलर साध्या फंक्शनसारखा बोलावला गेला असेल तर तिथे ०८ ने सुरू होणारा फ्लॅशमधला पत्ता असेल, आणि तो पत्ता थेट तुमच्या यूएसबी कोडमधल्या त्या कॉलच्या पुढच्या ओळीवर नेऊन सोडेल. हँडलरनं लूपमध्ये शिरण्याआधी दुसरं काही बोलावलं असेल तर लिंक रजिस्टर बदललेलं असेल. मग तोच पत्ता स्टॅकवर शोधावा लागेल. दुसरी गोष्ट, प्रोग्रॅम स्टेटस रजिस्टरचे खालचे नऊ बिट. खऱ्या हार्ड फॉल्टमध्ये तिथे ३ असतो. एफ४ मालिकेत ओटीजी एफएसच्या, म्हणजे चिपमधल्या फुल स्पीड यूएसबीच्या, इंटरप्टचा क्रमांक ६७ आहे. त्यात १६ मिळवले की ८३. तुम्हाला ३ ऐवजी ८३ दिसले, तर प्रोसेसर अजून यूएसबीच्या इंटरप्टमध्येच आहे आणि फॉल्ट झालाच नव्हता.

ही एकच ओळख नीट झाली की पुष्कळ विचित्र लक्षणं उलगडतात. सेटअपऐवजी डीइनिट बोलावलं गेलं असतं तर ऑफसेट ४, म्हणजे रीसेट हँडलर. बूटलोडर मधूनच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यासारखा दिसला असता आणि तुम्ही वॉचडॉगवर (अडकलेली चिप रीसेट करणाऱ्या टायमरवर) संशय घेतला असता. सस्पेंड बोलावलं असतं तर एनएमआय. माझ्या एका सहकाऱ्यानं 'एनएमआय येतो आहे' म्हणून क्लॉकच्या सर्किटवर आठवडा घालवला होता, दोष एका न भरलेल्या पॉइंटरचा होता. आणि बूटलोडर लिहिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवं की पुढे ॲप्लिकेशन चालू झाल्यावर वेक्टर टेबलचा पत्ता आपण बदलला, तरी शून्यावर दिसत राहतो तो बूटलोडरच. ॲप्लिकेशनमधला नल पॉइंटर बूटलोडरच्या हँडलरमध्ये जाऊन पडू शकतो. दोन वेगवेगळ्या बायनरी, दोन वेगवेगळ्या मॅप फाइल (कोणतं फंक्शन कोणत्या पत्त्यावर, ती यादी). चुकीच्या मॅपमध्ये पत्ता शोधत बसलं की दिवस गेला.

म्हणून माझी शिफारस अशी की नल पकडण्यासाठी प्रत्येक ठिकाणी तपासणी घालण्याऐवजी शून्याच्या पत्त्यावरच पहारा बसवा. तुमच्या चिपमध्ये मेमरी प्रोटेक्शन युनिट आहे. शून्यापासून २५६ बाइटचा एक भाग 'वाचायचं नाही, लिहायचं नाही, चालवायचं नाही' असा ठरवा, बाकी मेमरीला नेहमीचा नकाशा चालू ठेवा, आणि मेमरी मॅनेजमेंट फॉल्ट वेगळा सुरू करा. कोड ०८०००००० ला लिंक केलेला असेल तर याचा कशालाही त्रास होत नाही; कोणी शून्याला लिंक केला असेल तर मात्र पहिल्याच पावलाला अडकेल, तेवढं तपासा. यानंतर नल वापरला की त्या क्षणी खरा फॉल्ट येतो, आणि फॉल्टचा पत्ता सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये १२ असा आकडा मिळतो. १२ दिसला म्हणजे नल स्ट्रक्चरचं चौथं फील्ड. आमच्याकडे आता कोणताही बूटलोडर या पहाऱ्याशिवाय टेबलावरून पुढे जात नाही. कॉर्टेक्स-एम० वर हे युनिटच नसतं, तिथे हातानंच सांभाळावं लागतं.

आता दुसरा भाग: होस्ट तिथे आधी कसा पोचला?

तुमच्या मेनमध्ये क्रम असा आहे. क्लॉक, मग यूएसबी कोर सुरू, मग ॲप्लिकेशनचा, म्हणजे पंप चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमचा, सीआरसी (तो शाबूत आहे का हे पडताळणारा आकडा), आणि मग बटण दाबलेलं असेल किंवा सीआरसी चुकला असेल तर डीएफयू (यूएसबीवरून फर्मवेअर बदलण्याच्या) क्लासची नोंदणी. हा क्रम लिहिणाऱ्याचा विचार मला दिसतो. होस्टला ओळख करून घ्यायला वेळ लागतो, तोवर सीआरसी उरकून टाकू. विचार चांगला आहे, पण कोर सुरू करण्याच्या त्या फंक्शनमध्येच पुलअप लागतो. फुल स्पीड डिव्हाइस डी प्लसवर १.५ किलोओहमचा पुलअप लावतो, आणि होस्टसाठी त्याचा अर्थ एकच: मी तयार आहे, विचारा. पंगतीला हाक मारली आणि पानं अजून मांडायचीच आहेत, अशी ही स्थिती.

यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे जोडणी दिसल्यावर होस्ट ती स्थिर होण्यासाठी कमीत कमी १०० मिलिसेकंद थांबतो. मग बसवर रीसेट देतो, तो किमान १० मिलिसेकंद, आणि कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पोर्टवर ५०. मग सावरायला आणखी १० मिलिसेकंद. म्हणजे पुलअप लागल्यापासून साधारण १२० ते १६० मिलिसेकंदांनी, कधी त्याहून उशिरा, पहिलं आठ बाइटचं सेटअप पॅकेट येतं. तुमचं ॲप्लिकेशन ३८४ किलोबाइटचं आहे आणि सीआरसी एकेका बिटावर फिरणाऱ्या लूपनं काढता. ८४ मेगाहर्ट्झवर त्याला १५० ते ३०० मिलिसेकंद लागतील असा माझा हिशेब आहे; एखादी पिन वरखाली करून स्कोपवर मोजा, अंदाजावर जाऊ नका. दोन्ही वेळा एकमेकांच्या किती जवळ आहेत पाहा. म्हणूनच एखाद्या कॉम्प्युटरवर दर वेळी क्रॅश होईल, दुसऱ्यावर दहातून दोनदा, आणि मध्ये हब घातला तर कदाचित नाहीच.

केबल नंतर लावली की का चालतं, हेही यात आलं. माणसाचा हात केबलपर्यंत पोचेतो एखादा सेकंद गेलेला असतो, नोंदणी केव्हाच झालेली असते.

आणि डीबगर? इथे मला तुम्हालाच विचारायचं आहे: डीबगरवरून प्रोग्रॅम चढवताना तुम्ही पूर्ण चिप पुसता का? तसं असेल तर ॲप्लिकेशनची जागा कोरी असते. हेडरमधली लांबीच वेडीवाकडी निघते, तुमचा कोड सीआरसी न काढताच 'ॲप्लिकेशन नाही' असं ठरवतो आणि थेट क्लासच्या नोंदणीवर येतो. फटच उरत नाही. डीबगरनं दोष लपवला असं आपण म्हणतो, पण डीबगरमुळे नेमकं काय बदललं ते शोधलं तर तोच बहुतेकदा सर्वात चांगला पुरावा ठरतो. फक्त बूटलोडरचे सेक्टर पुसून, खरं ॲप्लिकेशन जागेवर ठेवून पुन्हा प्रयत्न करा. डीबगर लावलेला असतानाही तो अडकायला हवा. अडकला नाही तर माझ्या या तर्कात काहीतरी उणं आहे, तसं सांगा.

आता तुमच्या त्या ओळीकडे. नल असेल तर परत फिरलं, तर होस्टला काय दिसतं? त्यानं डिव्हाइस डिस्क्रिप्टर (डिव्हाइसची ओळख सांगणारी माहिती) मागितला, हार्डवेअरनं सेटअप पॅकेट स्वीकारल्याची पोच दिली, आणि त्यानंतर तुमच्याकडून ना डेटा, ना स्टॉल (ही मागणी जमणार नाही असं सांगणारं उत्तर). होस्ट वाट पाहतो, सोडून देतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी पोर्टचा नाद सोडतो. तोवर तुमची नोंदणी झालेली असते, पण विचारायला कोणी उरत नाही. लिनक्सवर लावून कर्नलचा लॉग पाहिलात तर वजा ११० दिसेल, म्हणजे वेळ संपली. वजा ३२ दिसला असता तर निदान तुम्ही स्टॉल दिला असता. म्हणजे ज्या चुकीचा ठसा आपल्याला सापडला होता, त्या ओळीनं तो पुसला आणि तीच चूक अधिक अवघड जागी नेऊन ठेवली. शिवाय अशी तपासणी पॉइंटर एकदा वापरून झाल्यावर घातलेली असेल, तर ऑप्टिमायझेशन चालू असताना जीसीसी कंपायलर ती चक्क काढून टाकू शकतं: ज्या अर्थी तुम्ही तो आधी वापरला, त्या अर्थी तो नल नसणारच, असं ते धरून चालतं.

दुरुस्ती लहान आहे. मेनच्या अगदी सुरुवातीला सॉफ्ट डिस्कनेक्टचा (पुलअप काढून ठेवणारा) बिट स्वतः १ करा. रीसेटनंतर तो काय असतो यावर विसंबू नका, एकाच मालिकेतल्या चिपमध्येही फरक असतो. मग सीआरसी, मग क्लासची नोंदणी, डिस्क्रिप्टरचे पॉइंटर, बफर, हे सगळं भरा. मग इंटरप्ट सुरू करा. आणि सर्वात शेवटी, सगळं मांडून झाल्यावर, तो बिट ० करून पुलअप लावा. पुलअप लावण्याच्या फंक्शनमध्ये एक असर्ट (अट मोडली की तिथेच थांबवणारी तपासणी) घाला की क्लासचा पॉइंटर भरलेला असलाच पाहिजे. तपासणी हवीच असेल तर तिची जागा ही. इथे ती चूक पकडते, इंटरप्टमध्ये ती चूक गिळते.

पुलअपचा रेझिस्टर बाहेर कायमचा जोडलेला असेल, जसा एफ१०३ वाल्या बऱ्याच जुन्या बोर्डांवर असतो, तर हे सगळं बदलतं. तिथे हाक मारायची वेळ तुमच्या हातात नाही, पॉवर येताक्षणी ती मारली जाते. मग सीआरसी नोंदणीनंतर न्या, किंवा सुरुवातीला डी प्लसची पिन साधी आउटपुट करून खाली ओढून ठेवा आणि तयार झाल्यावर सोडा. पुढच्या बोर्डावर त्या रेझिस्टरला एक ट्रान्झिस्टर द्या.

नलची तपासणी कधीच करू नये असं मला म्हणायचं नाही. होस्ट काय मागेल ते आपल्या हातात नसतं, आणि त्याच्या मागणीतून येणारा प्रत्येक आकडा संशयानंच पाहावा. काही वर्षांपूर्वी आमचा एक बूटलोडर टेबलावर महिनाभर उत्तम चालला आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी कोसळला. आम्ही माणूस पाठवला, त्याच्यासमोर व्यवस्थित चालला. असं तीन ठिकाणी झालं. शेवटी माझ्या ध्यानात आलं की कोसळतो तो प्रत्येक कॉम्प्युटरवर फक्त पहिल्यांदा. विंडोज नव्या डिव्हाइसला २३८ क्रमांकाचा स्ट्रिंग डिस्क्रिप्टर मागतं, मायक्रोसॉफ्टची स्वतःची खास माहिती त्यात असेल म्हणून. मिळाली की नाही हे त्या डिव्हाइसच्या नावावर रजिस्ट्रीत लिहून ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. आमच्याकडे स्ट्रिंगच्या पॉइंटरांचा पाच घरांचा अ‍ॅरे होता, आणि क्रमांक न तपासता आम्ही २३८ वं घर उघडत होतो. तिथे कधी नल, कधी कचरा. आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरनं तो प्रश्न महिन्यापूर्वीच विचारून टाकला होता, म्हणून आम्हाला कधी दिसला नाही. अशा ठिकाणी तपासणी हवी आणि तिचं उत्तरही हवं: नाही म्हणजे स्टॉल. गप्प परत फिरणं हे यूएसबीत उत्तरच नाही. डिव्हाइस क्वालिफायरचंही (दुसऱ्या वेगावर डिव्हाइस कसं असेल ते सांगणाऱ्या डिस्क्रिप्टरचंही) असंच. तुम्ही डिस्क्रिप्टरमध्ये आवृत्ती २.० लिहिलीत आणि चालता फुल स्पीडवर, तर होस्ट तो मागू शकतो. तुमच्या टेबलात त्या जागी नल असेल तर स्टॉल द्या.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक जागा मला खटकली, तिनं अजून त्रास दिला नसेल तर देईल. बसवर रीसेट आला की तुम्ही डीइनिट बोलावून डीएफयूच्या डेटाचा पॉइंटर नल करता. बरोबर आहे. पण त्याच इंटरप्टमध्ये, त्याच फेरीत, आधीच्या ट्रान्सफरची 'पूर्ण झालं' ही खूणही उभी असू शकते, आणि तुमचा हँडलर रीसेट आधी पाहतो, ट्रान्सफर नंतर. म्हणजे डेटा सोडून दिल्यावर तोच डेटा वापरणारा कोड चालेल. विंडोज सुरुवातीला ६४ बाइट मागून लगेच दुसरा रीसेट देतं, त्यामुळे रीसेट ही क्वचितची गोष्ट समजू नका. रीसेट दिसला की एंडपॉइंटच्या (यूएसबीच्या डेटा-वाटांच्या) सगळ्या शिल्लक खुणा पुसा, फिफो (डेटाच्या रांगांचे बफर) रिकामे करा, आणि त्या फेरीत पुढे काहीच पाहू नका.

तिसरी जागा ॲप्लिकेशनकडे उडी मारण्याची. बूटलोडरनं यूएसबी चालू ठेवून उडी मारली, तर एखादा इंटरप्ट रांगेत उभा राहतो. ॲप्लिकेशन त्याची ग्लोबल जागा शून्य करतं, इंटरप्ट उघडतं, आणि त्याच्या यूएसबी हँडलरला पहिल्याच क्षणी न मागितलेला इंटरप्ट मिळतो. हँडल अजून नल. मी आता चालू बूटलोडरमधून थेट उडी मारतच नाही. रीसेटनंतरही टिकणाऱ्या बॅकअप रजिस्टरमध्ये एक खूण लिहितो आणि पूर्ण चिपला सॉफ्टवेअर रीसेट देतो. बूटलोडर पुन्हा जागा झाल्यावर, क्लॉकलाही हात लावण्याआधी, ती खूण पाहतो, पुसतो आणि तिथूनच ॲप्लिकेशनला जातो. सगळे पेरिफेरल कोरे, रांगेत कोणी नाही. ॲप्लिकेशनमधून बूटलोडरकडे यायचं असेल तरी हीच वाट.

तुम्ही शेवटी लिहिलंत की पुढच्या वर्षी लिनक्सच्या बोर्डावर जाणार आहात आणि तिथे यू-बूट हा बूटलोडर असेल. तिथे तपासाची रीत वेगळी, थोडक्यात सांगतो. यू-बूट रॅममध्ये आल्यावर स्वतःला उचलून रॅमच्या वरच्या टोकाला नेतो, त्यामुळे क्रॅशमध्ये दिसणारा पत्ता मॅप फाइलमध्ये सापडत नाही. तो हलवलेलं अंतर वजा करून दुसरा पत्ताही छापतो. मॅपमध्ये शोधायचा तो हा वजा करून आलेला. ६४ बिटच्या आर्मवर कारणाच्या रजिस्टरमध्ये ९६०००००४ ते ९६०००००७ यातलं काही दिसलं, तर त्या पत्त्याला मेमरीच नाही असा अर्थ, आणि फॉल्टचा पत्ता २४ किंवा ४० असा छोटा असेल तर नल स्ट्रक्चरचं फील्ड. ९६००००२१ दिसलं तर तो नलचा मामला नाही, अलाइनमेंट पाहा. यू-बूटमध्ये यूएसबी डिव्हाइसचा कोड इंटरप्टवर नाही, पोलिंगवर चालतो. म्हणून तिथे नल सहसा घाईतून येत नाही. कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरूच झालेला नाही, किंवा एक कमांड संपताना सोडलेली वस्तू दुसऱ्या कमांडनं वापरली, असं निघतं.

तुमच्या पंपाकडे परत येतो, कारण या प्रश्नाची मला काळजी वाटते ती त्यामुळेच. हा कंट्रोलर शेतात लागणार. तिथे लॅपटॉप घेऊन गेलेला माणूस केबल आधी लावेल की स्टार्टर आधी दाबेल, हे आपण ठरवू शकत नाही, आणि तिथे बूटलोडर अडकला तर बोर्ड खोलून इंदूरला आणण्यावाचून मार्ग नाही. म्हणून दुरुस्तीनंतर एकदोनदा चालून पाहिलं एवढ्यावर थांबू नका. बोर्डाच्या पॉवरमध्ये एक रिले घाला, बूटलोडरचं बटण तारेनं दाबलेलंच ठेवा, केबल कायम लावलेली ठेवा, आणि एका छोट्या स्क्रिप्टनं रात्रभर पॉवर चालू-बंद करत प्रत्येक वेळी डिव्हाइस दिसलं की नाही ते लिहून घ्या. एक रात्र विंडोजवर, एक लिनक्सवर, एक मधे हब घालून. पुसलेल्या चिपवर नव्हे, पूर्ण ३८४ किलोबाइटचं ॲप्लिकेशन आत असताना.

आणि ती ओळ काढण्याआधी, आज संध्याकाळीच, जुना बूटलोडर एकदा मुद्दाम अडकवून लिंक रजिस्टर आणि ते नऊ बिट वाचून ठेवा. दुरुस्ती झाल्यावर हा पुरावा पुन्हा मिळायचा नाही. आकडे कळवलेत तर पुढचं पाहू.